लोहाचा कण आणि कंत्राटाचा मण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. देशाचा आकडा या काळात ५८.६ वरून ६७.१ झाला. याचा सरळ अर्थ असा की, औद्योगिक प्रगतीचा ध्वज मिरवणारे आपले राज्य पूर्वी या बाबतीत देशाच्या सरासरीपेक्षा बरे होते, ते आता सरासरीपेक्षाही वाईट झाले. ज्या वर्षांत चाकणच्या मोटार उद्योगाचे गोडवे गाइले गेले, त्याच वर्षांत हे घडले.

या आकड्यांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर तपासणी होत असे व तीत रक्तक्षय फुगून दिसण्याचा संभव असतो. शिरेतील रक्त घेऊन २०१६-१८ मध्ये जे समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले, त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के आणि लोहाची कमतरता ३२ टक्के आढळली. आपण हा लहान आकडाच धरू. तरीही दर तिसरे मूल लोहाविना वाढत आहे, आणि आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत, मेंदूची घडण चालू असताना, जे लोह मिळाले नाही त्याची पुरती भरपाई पुढे होत नाही, हे बालरोगशास्त्र सांगते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रक्तक्षय आणि लोहाची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४१ मधील पुष्कळ मुलांचा रक्तक्षय लोहाअभावी नसून फोलेट व ब-१२ यांचा अभाव, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि पोटातील जंत यांमुळे आहे. रोगाची कारणे अनेक आणि सरकारचे औषध मात्र एक, हा विरोधाभास पुढील सर्व चर्चेत ध्यानात ठेवावा.

औषध कोणते, ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले: सर्व शासकीय योजनांतील तांदूळ २०२४ पर्यंत लोहयुक्त करावयाचा. शासकीय भाषेत त्यास फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याचे यंत्राने पुन्हा तांदळासारखे दाणे पाडतात, आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने टप्प्याटप्प्याच्या अंमलबजावणीस मंजुरी दिली तेव्हा वार्षिक खर्च सुमारे २,७०० कोटी रुपये सांगितला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंतच्या काळासाठी १७,०८२ कोटी रुपये मंजूर झाले. महाराष्ट्रात याचा प्रारंभिक प्रयोग गडचिरोली जिल्ह्यावर झाला.

प्रथम आपल्या बाजूची स्वच्छता करू. अशा दाण्यांना 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणणे हा अडाणीपणा आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी त्यास खतपाणी घालू नये. तो दाणा तांदळाच्या पिठाचाच असतो. अन्नात पोषक द्रव्य मिसळणे म्हणजे आपोआप भांडवलदारांचा कट, असेही नाही. मिठात आयोडीन मिसळण्याच्या सक्तीला आपल्यापैकी अनेकांनी छोट्या मिठागरवाल्यांच्या बाजूने विरोध केला. ती बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा आली. छोट्या उत्पादकांची बाजू खरी होती. परंतु गलगंड हटविण्यास आयोडीनयुक्त मीठ उपयोगी पडले, हेही तितकेच खरे. मीठ श्रीमंत-गरीब सारे जवळपास सारख्या प्रमाणात खातात आणि ज्या जमिनीत आयोडीनच नाही तेथील भाजीपाल्यात ते येणार कोठून? तेथे मिसळण्याला तर्कशुद्ध आधार होता.

लोहाचे तसे नाही. लोह शरीरात घ्यावयाचे की नाही, हे आतडे ठरविते. सोबत चहा असेल तर ते अडते. लिंबू, आवळा, पेरू असेल तर वाढते. मूल तापाने किंवा हगवणीने आजारी असेल तर शरीर स्वतःच लोहाची वाट बंद करते. म्हणजे येथे पाणी, संडास, भाजी आणि फळ हे सारेच लोहाच्या हिशेबात येतात. तो हिशेब टाळून केवळ दाण्यात लोह घालावयाचे, हे गळक्या हौदात टँकर रिकामा करण्यासारखे आहे.

आता साधे अंकगणित करू. ते करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मानकानुसार एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे. दीड-दोन वर्षांचे मूल दिवसाला फार तर ५० ग्रॅम तांदळाचा भात खाईल. म्हणजे त्याच्या पोटात या मार्गाने दीड ते दोन मिलिग्रॅम लोह जाईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला ८ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. शिवाय तांदळाचा रंग बिघडू नये म्हणून लोहाचा जो क्षार वापरतात तो सावकाश विरघळणारा, म्हणून कमी शोषला जाणारा असतो. आठ महिन्यांच्या बाळाचा तर प्रश्नच नाही. ते दोन-तीन चमचे मऊ भात खाते. ज्याला सर्वाधिक गरज, त्याला सर्वांत कमी, असे हे वाटप आहे. भात भरपूर खाणारा धडधाकट पुरुष, ज्याच्या शरीरातून लोह फारसे जात नाही, त्याला मात्र रोज भरपूर मिळेल. डॉ. अनुरा कुर्पाड आणि डॉ. हर्षपाल सिंग सचदेव यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी या सरसकट धोरणावर जाहीर आक्षेप घेतले, ते याच कारणांनी.

अनुभव काय सांगतो? तांदळातील लोहाविषयी जगभरच्या चाचण्यांचा जो आढावा कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की रक्तक्षयाच्या जोखमीत त्यामुळे फारसा फरक पडत नसावा. स्वीडनने १९४४ पासून पिठात लोह मिसळले आणि १९९५ पासून ते बंद केले. डेन्मार्कने १९८७ मध्येच थांबविले. उलट अमेरिकेत १९७० च्या दशकात गरीब माता व बालकांसाठी जी सार्वजनिक आहार योजना सुरू झाली, तीतून लोहयुक्त दूधपावडर व बाळांची धान्यपेज मिळू लागली आणि लहान मुलांतील रक्तक्षय घटला. या दोन अनुभवांतील फरक नीट पाहावा. अमेरिकेत लोह गेले ते बाळाच्या स्वतःच्या वाटीत, त्याच्या वयाच्या मापाने, आणि त्यासोबत आईला नियमित तपासणीस बोलावणारी यंत्रणा होती. सर्वांच्या पोत्यात एक मूठ टाकून पाठ फिरविली गेली नव्हती. लहान मुलांच्या अन्नात लोह मिसळण्याला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही, तो याच कारणाने. प्रश्न आहे तो ते कोण मिसळतो, कोणाच्या अन्नात, आणि त्या निमित्ताने काय काढून घेतो, हा.

आणि याचे उत्तर शोधण्यास आपल्याला दिल्लीला जावे लागत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाड्यांच्या घरपोच आहाराचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाधिकाराच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट आदेश दिला होता की अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार वापरू नयेत. गावातील महिला मंडळे, बचत गट यांच्याकडून तो करून घ्यावा. आदेश नि:संदिग्ध होता. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने नवे निकष काढले. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा घरपोच आहार द्यावा, आणि तो सूक्ष्मपोषकांनी युक्त असावा. निकषाचा हेतू शुद्ध होता असे आपण धरून चालू. परंतु 'सूक्ष्मपोषकयुक्त' या एका शब्दाच्या दारातून जे आत आले ते पाहा. लोह व जीवनसत्त्वे अचूक मापात मिसळावयाची, अन्नाला हात लागू द्यावयाचा नाही, म्हणून स्वयंचलित यंत्र हवे. यंत्र हवे म्हणून मोठे भांडवल हवे. मोठे भांडवल हवे म्हणून मोठी निविदा हवी. खलबत्ता, जाते आणि चूल असलेला बचत गट या साखळीच्या पहिल्याच कडीला गळून पडला. २०११ मध्ये हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही टिकला आणि राज्याची तेव्हाची निविदा-पद्धत मान्य झाली. कंत्राटदार शब्द वर्ज्य होता, तेव्हा पुरवठादारांच्या पाट्यांवर 'महिला' आणि 'सहकारी' हे दोन पवित्र शब्द झळकले. सहकाराची ही थट्टा धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या महाराष्ट्रात व्हावी, हे विशेष.

२०१६ च्या निविदेत अटी आणखी उंच झाल्या. अखेर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे रद्द केली. छोट्या बचत गटांना स्पर्धेबाहेर ठेवणाऱ्या अटी घातल्या गेल्या, हा त्या निकालाचा गाभा होता. एका बचत गटाने राज्य शासनाशी न्यायालयात झुंज द्यावी आणि जिंकावी, ही आपल्या चळवळीने घरोघर सांगावी अशी हकीकत आहे. आपल्या किती शाखांनी ती सांगितली, हा प्रश्न मी विचारत नाही.

या सर्व काळात शिरा, उपमा आणि सुकडी यांची पाकिटे घरोघर जात होती. मुले ती खात नाहीत, जनावरांपुढे टाकली जातात, अशा तक्रारी विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत होत राहिल्या. कागदोपत्री प्रत्येक पाकिटात लोह होते. पाकिटातील लोह मोजण्याची प्रयोगशाळा सरकारपाशी होती. ते मुलाच्या पोटात गेले काय, हे पाहणारी नजर नव्हती.

असाच एक प्रयत्न शाळेच्या माध्यान्ह भोजनाच्या बाबतीतही झाला होता. २८ नोव्हेंबर २००१ च्या न्यायालयीन आदेशाने शाळांत शिजविलेले गरम अन्न देणे बंधनकारक झाले. २००७-०८ च्या सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने, खासदारांची पत्रे मिळवून, शिजविलेल्या अन्नाऐवजी पोषकयुक्त बिस्किटांचे पुडे द्यावेत असा आग्रह धरला. तो फेटाळला गेला, हे तेव्हाच्या शासनाचे श्रेय. त्या बिस्किटांतही लोह असणारच होते! लोह हा असा पारपत्राचा शिक्का झाला आहे की, तो उमटला म्हणजे कोणताही माल सार्वजनिक पैशाच्या सीमेतून आत येतो.

गडचिरोलीची गोष्ट थोडक्यात. तेथे सिकलसेलचे रुग्ण आहेत. २०१८ च्या नियमांत अशा रुग्णांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये, असे वेष्टनावर छापण्याची अट होती. रेशनचा तांदूळ पोत्यातून मापून पिशवीत पडतो. वेष्टन कोणी वाचावयाचे? पुढे तज्ज्ञ समितीच्या अभिप्रायानंतर ही सूचना गाळण्याचा मार्ग शासनाने स्वीकारला. धोका नसेल तर आनंदच आहे. परंतु प्रयोग आधी आणि अभिप्राय नंतर, हा क्रम आदिवासींच्याच वाट्याला का येतो?

आता मोशीकडे वळू. हे गाव १९९७ मध्ये महापालिकेत आले. इंद्रायणीच्या काठची बाजरी-ज्वारीची शेते गेली. नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती, गोदामे आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. भोसरी आणि चाकण यांच्या मधोमध असलेल्या या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून आलेली तरुण कुटुंबे राहतात. मघाशी सांगितलेल्या समग्र पोषण सर्वेक्षणातील एक निष्कर्ष आपल्या नेहमीच्या मांडणीला अडचणीचा आहे, म्हणूनच तो सांगितला पाहिजे: मुलांतील लोहाची कमतरता ग्रामीण भागापेक्षा शहरी भागात अधिक आढळली. केवळ दारिद्र्य हे उत्तर येथे पुरत नाही. मोशीतील कामगाराच्या हाती त्याच्या बीडच्या भावापेक्षा रोख पैसा अधिक येतो. तरी त्याचे मूल लोहाला महाग का?

कारण पैशाबरोबर ताट बदलले आहे आणि ताट वाढणारी व्यक्ती घरी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत जवळपास ४, मैद्यात १.८ आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात ०.६५. गावाकडची भाकरी सुटली. सकाळी चहात बुडविलेले बिस्किट, दुपारी पाव, संध्याकाळी भात, हा क्रम लागला. वर्षाच्या मुलाला चहा पाजणे हे आता कोणाला खटकतही नाही. आणि पाहा, गिरणीत तांदूळ सडून त्यातील कोंड्याबरोबर लोह काढावयाचे, मग त्याच तांदळात लोह घालण्याचे कारखाने काढावयाचे! दोन्ही टोकांना नफा आहे, मध्ये मूल आहे.

आईने भाकरी थापावी, असा उपदेश करणे सोपे आहे. तो करणाऱ्यांनी सकाळच्या पाळीची बस किती वाजता येते, हे एकदा पाहावे. कंत्राटी कामगार असलेल्या बाईला २०१७ च्या कायद्यातील २६ आठवड्यांची प्रसूती रजा कागदावर आहे. प्रत्यक्षात पोट दिसू लागले की कंत्राटाचे नूतनीकरण होत नाही. ती स्वतः रक्तक्षयाने ग्रस्त असते, राज्यातील ५४ टक्के स्त्रियांप्रमाणे, म्हणून मूल जन्मतःच लोहाचा तोकडा साठा घेऊन येते. पाळणाघराचे काय? १९७६ च्या दुरुस्तीनंतर कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीत ५० कर्मचाऱ्यांची मर्यादा आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चीच आहे. एकाच छताखालचे कामगार चार कंत्राटदारांच्या हजेरीपटांवर वाटले की कोणतीही मर्यादा ओलांडली जात नाही. मोशीच्या मुलाच्या रक्तातील लोहाचा प्रश्न हा असा हजेरीपटाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात मला आजवर आढळलेला नाही.

रेशनचा लोहयुक्त तांदूळ तरी यांच्यापर्यंत येईल काय? शिधापत्रिका गावी असते. कुठेही धान्य मिळण्याची सोय झाली असली तरी वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे नाव पुष्कळदा पत्रिकेवर चढलेलेच नसते.

मग पर्याय काय, असे विचारणाऱ्याला उत्तर दिले पाहिजे. एक पर्याय आपल्याच मातीतला आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांच्या प्रयत्नांतून २०१३-१४ च्या सुमारास 'धनशक्ती' हा अधिक लोहाचा बाजरीचा वाण आला. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातील बाजरीत आहे. हा संकरित वाण नव्हे. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बी राखून पुढील वर्षी पेरता येते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. गिरणीत मिसळावयाचे लोह दरवर्षी विकत घ्यावे लागते. बियाण्यातील लोह एकदा संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च केला की शेतकऱ्याच्या कणगीत राहते. नगर जिल्ह्यातील निवासी शाळांतील मुलांना सहा महिने अशा बाजरीची भाकरी दिली, तेव्हा ज्यांच्यात लोह कमी होते त्यांची स्थिती लक्षणीय सुधारली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. बेळगाव भागातील सुमारे दोन वर्षांच्या मुलांत या प्रकारच्या बाजरीतून पुरेसे लोह शोषले जाते, हेही २०१३ मध्ये दिसले. मात्र मुंबईच्या वस्त्यांतील १२ ते १८ महिन्यांच्या बालकांवर झालेल्या पुढील प्रयोगात एकूण गटात ठळक फरक आढळला नाही. तेव्हा बाजरीचेही नवे देवस्थान उभारू नये. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आणि शाळेतील मुलांना ती अवश्य द्यावी. त्याहून लहान बाळाला दुसरा हात लागतो.

तो हात औषधाच्या बाटलीचा आहे, आणि ती बाटली घेऊन येणाऱ्या बाईचा आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप द्यावयाचे, ज्यात २० मिलिग्रॅम लोह असते, हा २०१३ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये त्याला 'ॲनिमियामुक्त भारत' असे नाव मिळाले. दोन मात्रांत ४० मिलिग्रॅम. मघाच्या हिशेबाने तेवढ्यासाठी त्या मुलाला जवळपास एक किलो लोहयुक्त तांदूळ खावा लागेल. हे सिरप स्वस्त आहे, त्याचे शास्त्र निर्विवादाच्या जवळ आहे, आणि तरी त्याची जाहिरात लाल किल्ल्यावरून होत नाही. कारण त्यासाठी दर आठवड्याला दार ठोठावणारी, मूल तापले असेल तर मात्रा थांबविणारी, काळी शी झाली म्हणून घाबरलेल्या आईला समजाविणारी आशा सेविका लागते, आणि तिला वेतन द्यावे लागते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनवाढीसाठी सुमारे ५० दिवस संपावर होत्या. त्यांना सरकारी तिजोरीची चणचण ऐकविली गेली. २०१७ मध्ये अंगणवाडीच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये आहारखर्च ठरला, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात वाढीचे आश्वासन मिळेपर्यंत तो तेथेच थांबला होता. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने शालेय आहारातील अंड्यांचा निधी काढून घेतला आणि लोकवर्गणीकडे बोट दाखविले. अंड्यातून लोह फार मिळत नाही, परंतु ब-१२ आणि उत्तम प्रथिने मिळतात, ज्यांच्यावाचून रक्त बनत नाही. तांदळातील कृत्रिम ब-१२ साठी कोट्यवधी आणि अंड्यातील ब-१२ साठी लोकवर्गणी, हे आपल्या राज्यकर्त्यांचे पोषणशास्त्र!

आणखी एक उपाय तर बिनपैशाचा आहे. बाळ जन्मल्यावर नाळ तत्काळ न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्यात वारेतून येणाऱ्या रक्ताने बाळाचा पुढील काही महिन्यांचा लोहसाठा वाढतो. यात निविदा नाही, म्हणून गाजावाजा नाही.

मोशी-चाकण पट्ट्यातील आपल्या शाखांनी आता तीन पत्रके काढून स्वस्थ बसू नये. आपापल्या प्रभागातील एकेक चाळ घ्यावी. पाच वर्षांखालील किती मुलांची नावे कोणत्याही अंगणवाडीत नोंदलेली नाहीत, किती घरांत सिरपची बाटली गेल्या महिन्यात आली, किती बाळांची नावे शिधापत्रिकेवर नाहीत, याची यादी आशाताईंना सोबत घेऊन करावी. त्या यादीसह महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावे. श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या या महापालिकेला औद्योगिक वसाहतींच्या वेशीवर पाळणाघरे आणि त्यात दोन वेळचे शिजविलेले अन्न देणे मुळीच जड नाही. ते काम बचत गटांकडे द्यावे, बाळांच्या पेजेत लोहाची पूड अंगणवाडी सेविकेच्या देखरेखीखाली मिसळावी, आणि एका गटाला दोन-तीन अंगणवाड्यांहून अधिक काम देऊ नये, ही अट ठरावातच लिहून घ्यावी. कामगार संघटनांनी पुढील करारात कंत्राटी स्त्रियांसह सर्वांची एकत्र मोजणी करून पाळणाघर मागावे. चाकणच्या मालकांचे उत्तर काय येईल, ते आपण जाणतोच. तरी ते लेखी घ्यावे.